दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली

चेन्नईच्या उपनगरी गाडीने पार्क स्थानकात उतरले की समोरच सरकारी जनरल हॉस्पिटल आणि त्याला लागून मद्रास मेडिकल कॉलेज दिसते. त्याच मार्गावर दक्षिणेला एग्मोर, चेटपेट, नुंगमबाक्कम, कोडंबाक्कम ही स्थानके मागे पडली की मांबलम येते. बीच ते तांबरम या मार्गावर 1931 च्या मे महिन्यात विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि शहराच्या जुन्या भागात नोकरी करून मांबलमला बिऱ्हाड करणे मध्यमवर्गाला सोयीचे झाले. रुळांच्या पूर्वेला त्यागराय नगर, 1920 च्या दशकात मैलापूरचा लांबलचक तलाव कोरडा करून आखलेले. पश्चिमेला वेस्ट मांबलम. अरुंद गल्ल्या, डासांमुळे झालेली बदनामी, अयोध्या मंडप, आणि लेक व्ह्यू रोडच्या नावात उरलेली पाण्याची आठवण. कारकून, शिक्षक, पुरोहित, पेन्शनर यांच्या या वस्तीला संध्याकाळी घरापासून पायी अंतरावर उघडा असणारा आणि खिशाला झेपणारा दवाखाना हवा होता. एम. सी. सुब्रमण्यम यांनी 1953 मध्ये इथे स्थापन केलेले पब्लिक हेल्थ सेंटर नफ्याशिवाय चालणारे आहे, आणि वस्तीची ती गरज त्याच्या नावातच वाचता येते. तमिळनाडूत सरकारी डॉक्टरला ड्यूटीबाहेरच्या वेळात खाजगी प्रॅक्टिस करण्याची मुभा आहे. त्यामुळे सकाळी सरकारी वॉर्डात राउंड घेणारा आणि संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर अशा वस्त्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. त्याच्या दोन कामांबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. भुवई उंचावते ती त्याच्या मदतनीसाने तसेच केले म्हणजे. दिवसा एका सर्जनच्या हाताखाली काम करणारा फिजिशियन असिस्टंट रात्री किंवा रविवारी दुसऱ्याच डॉक्टरच्या हाताखाली, दुसऱ्याच इस्पितळात उभा राहिला, तर त्याच्या निष्ठेबद्दल, पात्रतेबद्दल आणि रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल एकदम प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न खोटे नाहीत. मात्र ते ज्या माणसाला विचारले जातात, त्याच्याकडे त्यांची उत्तरे नसतात. ती दोनशे वर्षांच्या एका प्रथेत आहेत, आणि ती प्रथा उलगडली तर दिसते की दोष दुसऱ्या नोकरीत नसून, मदतनीसाची ओळख सतत दुसऱ्याच्या नावावर ठेवण्यात आहे.

फिजिशियन असिस्टंट हा शब्द मराठी कानाला अजून नवा आहे. इस्पितळात त्याला ‘पी.ए.’ म्हणतात आणि आपल्याला आधी मंत्र्याचा पी.ए. आठवतो. दोघांत एक साम्य खरेच आहे, ते म्हणजे दोघांचीही ओळख ‘कुणाचा?’ या प्रश्नाने सुरू होते. हा व्यवसाय जन्मला अमेरिकेत. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये नौदलात रुग्णसेवा केलेल्या चार माजी सैनिकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला, आणि 1967 मध्ये त्यातले तिघे उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, जॉन कर्कलिन यांच्या शल्यविभागात, खास सर्जनच्या मदतनीसांचा अभ्यासक्रम निघाला. भारतात तो आला तो याच दुसऱ्या, शस्त्रक्रियागृहाच्या वाटेने, आणि आला तो थेट मद्रासला. डॉ. के. एम. चेरियन यांनी 1975 मध्ये पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात देशातली पहिली कोरोनरी बायपास शस्त्रक्रिया केली होती. पुढे त्यांच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये 1992 मध्ये भारतातला पहिला फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रम सुरू झाला. गरज उघड होती. बायपासमध्ये एक सर्जन छाती उघडत असताना दुसऱ्या कुणीतरी पायातली नस काढून तयार ठेवावी लागते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचा इतिहास विचारायचा, तपासण्या एकत्र करायच्या, आयसीयूत रात्रभर आकड्यांवर डोळा ठेवायचा, शेवटी डिस्चार्ज समरी लिहायची. ही कामे करायला दर खेपेला नवा शिकाऊ डॉक्टर येतो आणि शिकून निघून जातो. टिकून राहणारा, एका विभागाच्या पद्धती अंगी मुरवलेला माणूस हवा होता, आणि तो तयार करावा लागला. पुढे इतर खाजगी विद्यापीठांनी आणि तमिळनाडूच्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठानेही ही पदवी द्यायला सुरुवात केली. पदवी मिळू लागली, नोकऱ्या मिळू लागल्या. या माणसाची स्वतःची अशी कायदेशीर नोंद मात्र 1992 नंतर जवळजवळ तीस वर्षे कुठेच नव्हती. तो जे करी ते त्याच्या सर्जनच्या जबाबदारीवर.

असा माणूस घडवण्याची कल्पना मद्रासला नवी नव्हती. गव्हर्नर फ्रेडरिक अ‍ॅडम यांच्या काळात 2 फेब्रुवारी 1835 रोजी जी मेडिकल स्कूल सुरू झाली आणि जिचे पुढे मद्रास मेडिकल कॉलेज झाले, तिचा पहिला हेतू पूर्ण डॉक्टर तयार करण्याचा नव्हताच. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी इस्पितळांना युरोपियन सर्जनच्या हाताखाली काम करणारे अपोथेकरी आणि ड्रेसर हवे होते. म्हणजे आज आपण ज्याला देशातले एक अग्रगण्य वैद्यकीय महाविद्यालय म्हणतो, ते मदतनीसांची शाळा म्हणून जन्मले. त्यांचे पद, पगार, बदली, बढती सगळे सर्जनच्या शेऱ्यावर. हाताला कौशल्य होते, पण ते स्वतःच्या नावे सांगण्याची सोय नव्हती. वसाहतीच्या राज्याला हे सोयीचेही होते, कारण स्वतंत्र नोंद दिली असती तर हाच ड्रेसर उद्या बाजारात सर्जनचा प्रतिस्पर्धी झाला असता. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना खाजगी प्रॅक्टिसची मोकळीक होती आणि त्या मोकळिकीवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बराच वाद झाला. त्या वादात एतद्देशीय स्वतंत्र डॉक्टरांची बाजू मांडली गेली, ती रास्तही होती. अधिकाऱ्याच्या खाजगी कामात राबणाऱ्या सरकारी मदतनीसाची बाजू मात्र त्या वादाच्या कडेलाच राहिली. इथे तंजावरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मद्रासच्या या शाळेच्या काही वर्षे आधीच सरफोजी राजांनी धन्वंतरी महालात वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र आणले होते. त्यांच्या नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. दक्षिणेतल्या मराठी माणसाला अभिमान वाटावा असा हा ठेवा आहे, आणि एक गोष्टही तो शिकवतो. रुग्णाची नोंद लिहून ठेवली म्हणून दोनशे वर्षांनी आपण त्या उपचारांबद्दल बोलू शकतो. जे लिहिले गेले नाही त्याबद्दल बोलायची सोय राहत नाही.

महाराष्ट्रात या मदतनीसाचे सर्वांच्या ओळखीचे रूप म्हणजे कंपाउंडर. दवाखान्याच्या आतल्या खिडकीशी उभा राहून मिक्श्चर ढवळणारा, बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा, पुड्या बांधणारा. डॉक्टरच्या चिठ्ठीतले अक्षर त्यालाच लागे. डॉक्टर व्हिजिटला गेले असले तर ‘तोवर हे घ्या’ असे सांगण्याची हिंमतही हळूहळू येई. 1948 च्या फार्मसी कायद्याने या माणसाकडे पहिल्यांदा सरळ पाहिले. औषध तयार करण्याचा आणि देण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांना पहिल्या नोंदवहीत नाव घालता येईल अशी तरतूद त्यात होती, आणि दुसरीकडे, डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णांना जे औषध देतो त्याला कायद्याच्या बंधनातून सूट होती. या दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या की कंपाउंडरचे दोन भविष्यकाळ दिसतात. एकाने नाव नोंदवले आणि तो फार्मासिस्ट झाला, त्याचा परवाना त्याच्या खिशात आला, तो कुठेही जाऊ शकला. दुसरा डॉक्टरच्या सुटीच्या छत्राखाली राहिला. डॉक्टर गेले किंवा दवाखाना बंद झाला की त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवाला कागदावर कवडीची किंमत उरली नाही. दोघांचे काम एकच होते. फरक पडला तो फक्त नोंदीमुळे.

आता त्या प्रथेकडे येतो जिच्यामुळे मूळ प्रश्न नीट कळतो. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत, 1926 मध्ये सुरू झालेल्या केईएममध्येही, ‘ऑनररी’ सर्जनची पद्धत दीर्घकाळ होती. नामवंत सर्जन सकाळी महापालिकेच्या इस्पितळात विनावेतन शस्त्रक्रिया करत, विद्यार्थी घडवत, आणि दुपारनंतर गिरगाव-दादरच्या नर्सिंग होममध्ये स्वतःचे रुग्ण पाहत. नर्सिंग होममध्ये मदतीला कोण? तर पुष्कळदा त्यांच्याच युनिटमधला, त्यांच्या हाताची सवय झालेला कुणी कनिष्ठ. म्हणजे मदतनीसाची दुसरी नोकरी तेव्हाही होती. ठिकाण बदलत होते, पण डॉक्टर तोच राहत होता. सर्जनला त्या पोराच्या हाताचा अंदाज होता, कुठवर सोपवायचे आणि कुठे स्वतः हात घालायचा हे माहीत होते. चूक झाली तर सर्जन तिथेच टेबलापाशी होता. देखरेख लिहून ठेवायची गरज पडली नाही, कारण ती माणसाबरोबर चालत जात होती. आजच्या फिजिशियन असिस्टंटच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तो एकटा जातो. दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर त्याला फार तर पदवीवरून आणि कुणाच्या तरी शिफारशीवरून ओळखतो. पहिल्या सर्जनने सहा वर्षांत त्याला जे जे सोपवत नेले, ते सगळे दुसऱ्याने पहिल्या रात्रीच सोपवले तर तो विश्वास उसना असतो. आणि अजिबातच सोपवले नाही तर प्रशिक्षित माणूस वॉर्डबॉयचे काम करत राहतो. जुनी प्रथा नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ होती असे मला म्हणायचे नाही, त्या कनिष्ठाला त्या दुपारचे काय मिळत होते हा वेगळा विषय आहे. पण आपण देखरेख या गोष्टीला एका माणसाच्या सहवासाशी इतके जोडून टाकले की तो सहवास सुटल्यावर देखरेख कशी करायची याचा विचारच केला नाही.

हा विचार करण्याची एक मोठी संधी 1946 मध्ये आली होती. त्या वेळी देशाच्या नोंदवह्यांत 47,524 डॉक्टर होते, त्यांतले 17,654 पदवीधर आणि तब्बल 29,870 लायसेन्शिएट, म्हणजे आपल्याकडचे एल.सी.पी.एस. आणि मद्रासकडचे एल.एम.पी. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या त्या वर्षीच्या अहवालातले हे आकडे आहेत. लायसेन्शिएट हे मदतनीस नव्हते, स्वतंत्र डॉक्टर होते, तरी 1933 च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने त्यांना अखिल भारतीय नोंदीबाहेर ठेवून खालच्या पायरीवर बसवले होते. भोर समितीने बहुमताने सांगितले की यापुढे एकच प्रकारचा, पदवीधर ‘बेसिक’ डॉक्टर घडवावा. काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून बजावले की खेड्यापाड्यांना पुरतील इतके पदवीधर लवकर मिळणार नाहीत. बहुमताचा हेतू उदात्त होता. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा त्यांचा सवाल आजही टोचतो. लायसेन्शिएट घडवणाऱ्या मेडिकल स्कूल बंद झाल्या किंवा वर चढल्या, पुण्याच्या बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूलचे त्याच 1946 मध्ये कॉलेज झाले. पण मधली पायरी कागदावरून पुसली म्हणून मधले काम नाहीसे झाले नाही. रात्री तीनला सलाइन बदलणे, ताप चढला तर कुणाला उठवायचे ते ठरवणे, नातेवाइकांना समजावणे, हे कुणीतरी करतच राहिले. फक्त ते कोण करते हे नोंदवणे थांबले.

महाराष्ट्रात हे ‘कोण’ म्हणजे बहुतेक ठिकाणी आर.एम.ओ., म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी. शहरांतल्या लहान-मध्यम इस्पितळांत रात्रपाळीला बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. झालेला तरुण डॉक्टर असतो. सकाळी त्याचा स्वतःचा दवाखाना, किंवा दुसऱ्या इस्पितळात दिवसपाळी, आणि रात्री कन्सल्टंटच्या फोनवरच्या सूचनांनुसार आयसीयू. तो दोन-तीन कन्सल्टंटांच्या हाताखाली एकाच रात्री काम करतो, आणि त्यांतला एकही इमारतीत नसतो. वेस्ट मांबलमच्या आसपासच्या इस्पितळांतला फिजिशियन असिस्टंट आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचा आर.एम.ओ. यांची पदवी वेगळी, कायदेशीर दर्जा वेगळा, अडचण मात्र एकच आहे. 2014 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात बदल करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची वाट उघडली. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत झालेला संघर्ष अजून शमलेला नाही. त्या संघर्षात दोन्ही बाजूंनी बोलले जाते ते पदवीबद्दल. रात्रपाळीत प्रत्यक्ष देखरेख कुणाची, किती अंतरावरून, आणि ती कुठे लिहिलेली आहे, याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मला हे दुर्दैवी वाटते, कारण रुग्णाचा जीव अडकतो तो या दुसऱ्या प्रश्नात.

अमेरिकेने दुसऱ्या नोकरीचा प्रश्न सोडवला तो कागदाने. कॅलिफोर्नियात दीर्घकाळ असा नियम होता की फिजिशियन असिस्टंटचा प्रत्येक पर्यवेक्षक डॉक्टरशी स्वतंत्र लेखी करार हवा, आणि कोणती कामे सोपवली ते त्यात हवे. एका डॉक्टरने एका वेळी किती असिस्टंटांवर देखरेख करायची यालाही मर्यादा होती. म्हणजे शनिवारी दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात काम करायचे असेल तर तिथल्या डॉक्टरशी वेगळा कागद. पहिल्या डॉक्टरची सही दुसऱ्या ठिकाणी चालत नसे. 2020 पासून तिथे हा एकेका डॉक्टरचा करार जाऊन संस्थेच्या पातळीवरचा ‘प्रॅक्टिस करार’ आला, आणि असिस्टंटांच्या संघटनेची मागणी एका ठरावीक डॉक्टरशी असलेली कायदेशीर बांधिलकीच काढून टाकण्याची आहे. त्या टोकाला आपण जावे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने डिसेंबर 2024 मध्ये या व्यवसायाचे नियमन हाती घेतले, आणि पुढच्याच वर्षी लेंग यांच्या स्वतंत्र आढाव्यात सांगितले गेले की तिथे रूढ असलेले ‘असोसिएट’ हे नाव रुग्णांचा गैरसमज करते, पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणा. समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हे रुग्णाला कळले पाहिजे, यात दुमत असूच नये. पण अमेरिकेची जुनी पद्धत आपल्यासारख्या, नुकती नोंद सुरू करणाऱ्या देशाला उपयोगी आहे, कारण तिच्यात दुसऱ्या नोकरीला चोरीही मानले नाही आणि मोकळे रानही दिले नाही. तिने फक्त विचारले की इथे, या कामासाठी, तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार आहे.

यावर पहिला आक्षेप थकव्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. दिवसभर शस्त्रक्रियागृहात उभा राहिलेला माणूस रात्री दुसऱ्या आयसीयूत जागा राहील, तर सकाळी त्याच्या हातून औषधाच्या मात्रेतले दशांश चिन्ह चुकेल. हे अगदी खरे आहे. पण थकवा मालकांची संख्या मोजत नाही, तास मोजतो. एकाच इस्पितळात सलग 36 तास राबवलेला निवासी डॉक्टरही तितकाच थकतो. त्याच्यासाठी केंद्र सरकारने 1992 मध्येच सलग 12 तासांची आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली होती, आणि ती किती पाळली जाते हे कोणत्याही सरकारी वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला विचारावे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 60 व्या कलमाने कामगाराला एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी घातली, कारण दोन ठिकाणच्या तासांची बेरीज कोणीच करत नव्हते. इस्पितळ हा कारखाना नाही, पण त्या कलमामागचे तर्कशास्त्र इथे लागू पडते, आणि ते बेरीज करा असे सांगते. बेरीज करायची तर दोन्ही नोकऱ्या उघड असायला हव्यात. बंदी घातली की दुसरी नोकरी थांबत नाही. पगार अपुरा असेल, घरभाडे वाढत असेल, तर ती लपते. आणि लपलेल्या तासांची बेरीज कुणीच करू शकत नाही. थकव्याची ज्यांना खरी चिंता आहे, त्यांनी म्हणूनच बंदीपेक्षा नोंदीचा आग्रह धरला पाहिजे.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडून येतो आणि त्यामागे कडवट इतिहास आहे. आज याला दोन डॉक्टरांकडे काम करू द्या, उद्या हा स्वतःचाच दवाखाना उघडेल, असे ते म्हणतात. कंपाउंडरने थाटलेले दवाखाने महाराष्ट्राने पाहिले आहेत. 1996 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा हा भोंदूच. पण हे दवाखाने कुठून आले? नोंद नसलेल्या, तपासणी नसलेल्या, डॉक्टरच्या छत्राखाली झाकलेल्या कौशल्यातून. याउलट, नोंद असूनही देखरेख पोकळ असेल तर काय होते याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. औषध नियमांनुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. व्यवहारात सर्टिफिकेट भाड्याने देण्याची रीत पडली, म्हणजे चौकटीतला फोटो भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी. हा धडा मला माझ्याच मांडणीविरुद्ध जाणारा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. लेखी करार मागितला की करार भाड्याने मिळू लागतील, एखादा निवृत्त डॉक्टर दहा असिस्टंटांच्या कागदांवर सही करून घरी बसेल. म्हणून नुसता कागद पुरेसा नाही. कोणत्या डॉक्टरची, कोणत्या इमारतीत, कोणत्या वेळात, कोणत्या कामांपुरती देखरेख आहे हे त्यात हवे, आणि एका डॉक्टरच्या नावावर किती असिस्टंट याला वरची मर्यादा हवी. आपल्या कायद्यातही याचे बीज आहे. 2019 च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या 32 व्या कलमाने मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्यसेवकाची कल्पना मांडली आणि प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपलीकडे त्याने औषध द्यायचे तर डॉक्टरच्या देखरेखीखालीच, असे बजावले. ‘देखरेख’ म्हणजे नेमके काय ते मात्र त्या कलमाने सांगितले नाही. तिथेच काम उरले आहे.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा, असिस्टंटांच्याच बाजूचा. डॉक्टरला दोन ठिकाणी काम करायला कुणाची परवानगी लागत नाही, मग आम्हालाच ही कागदपत्रे कशाला? हा समतेचा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. उत्तर असे की डॉक्टर जिथे जातो तिथे त्याची नोंदणी त्याच्याबरोबर जाते. चूक झाली तर मेडिकल कौन्सिल त्यालाच बोलावते. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि 2004 मध्ये सविता गर्ग प्रकरणात सांगितले की डॉक्टर कायम नोकरीत असो वा बाहेरून बोलावलेला, इस्पितळाला जबाबदारी टाळता येणार नाही. म्हणजे रुग्णाला दाद मागायला दोन दारे आहेत, डॉक्टर आणि इस्पितळ. असिस्टंट आजवर या दोन दारांमधल्या भिंतीत उभा होता. चूक त्याची असली तरी नाव डॉक्टरचे, आणि श्रेय त्याचे असले तरी नाव डॉक्टरचेच. 2021 च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने या असिस्टंटला ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने परिशिष्टात स्थान दिले आणि राज्याराज्यांत परिषदा व नोंदवह्या असाव्यात असे सांगितले. कायदा झाल्यावरही काम इतके रेंगाळले की 2024 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. ही नोंद म्हणजे उपकार नव्हे. 1835 साली ड्रेसरला जी द्यायचे टाळले, 1948 साली काही कंपाउंडरांपर्यंतच जी पोचली, ती गोष्ट पहिल्यांदा पूर्णपणे देण्याची ही वेळ आहे. स्वतःची नोंद आली की स्वतःची जबाबदारी येते, आणि मगच समतेचा दावा भक्कम पायावर उभा राहतो.

एक गोष्ट डॉक्टरांनाही सांगायला हवी. स्वतःच्या असिस्टंटला ‘दुसरीकडे काम करायचे नाही’ असे सांगणारा सर्जन अनेकदा रुग्णहिताची भाषा बोलतो, पण त्याला भीती असते ती शिकवलेला हात दुसऱ्याच्या टेबलावर जाण्याची. ती भीती माणसाला शोभणारी आहे, वर्षानुवर्षे घडवलेला हात सहजासहजी कुणी सोडत नाही. मात्र त्या हाताचा पगार तो हात टिकेल इतका असला पाहिजे, आणि तसा देता येत नसेल तर उरलेल्या वेळावर मालकी सांगण्याचा हक्क उरत नाही. जनरल हॉस्पिटलमधून संध्याकाळच्या गाडीने मांबलमला उतरून दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरने ज्या मोकळिकीवर आपले घर उभे केले, तीच मोकळीक, योग्य बंधनांसह, त्याच्या मदतनीसाला नाकारण्याचे कारण मला सापडलेले नाही.

तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या परिषदांना म्हणून एक विनंती आहे. फिजिशियन असिस्टंटांची नोंदवही तयार कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे पर्यवेक्षक डॉक्टर, ठिकाण, वेळ आणि सोपवलेली कामे यांचा रकाना ठेवा, तो दर वर्षी तपासा, रुग्णालाही पाहता येईल असा करा, आणि त्या रकान्यात एकापेक्षा जास्त ओळींना जागा सोडा.